पाल निर्दोष होती

लातूरजवळच्या एका लॉन्सवर पोहण्याचा तलाव आहे. त्याचे विजेचे पॅनल मी गेल्या आठवड्यात दुरुस्त केले आणि बिलावर बिघाडाचे कारण म्हणून 'पॅनलमध्ये पाल शिरल्याने' असे माझ्याच हाताने लिहून आलो. पॅनलमध्ये पाल नव्हती. एरवी असते, कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, उबेला येऊन भाजून मेलेल्या पाली मी आजवर पुष्कळ काढल्या आहेत. परंतु या प्रकरणाशी त्या बिचाऱ्या जिवाचा काडीचाही संबंध नव्हता, हे कुठेतरी लेखी असावे म्हणून हा खटाटोप.

तक्रार अशी होती की ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, अधूनमधून ट्रिप होते. ती पडली की पंप थांबतो, क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप थांबतो, पीएच दाखवणारा पडदा काळा पडतो आणि दोन दिवसांत पाण्यावर हिरवी झाक येते. अधिक मासामुळे लग्ने नव्हती, म्हणून मालकांनी तलाव तिकिटावर खुला केला होता आणि टॉवेल खांद्यावर टाकलेली पोरे फाटकाशी थांबली होती. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या वेशीवर मी तलावांची कामे करतो, हे सांगताना मला आजही थोडे चोरट्यासारखे होते. पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल म्हणजे दीड लाख लिटर. त्या गाडीच्या तीन वाघिणी यातच संपल्या असत्या. असो, पोट सर्वांनाच आहे.

पॅनलसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मालकांचे दाजी बसलेले होते. धोंड्याचा महिना असल्याने ते जेवायला आले होते आणि जेवण होऊन बरेच दिवस उलटले तरी परत गेलेले नव्हते. मी पॅनलचे दार उघडताच त्यांनी तळहातावरचा तंबाखू थांबवून निकाल दिला, "डायरेक्ट करून टाका."

मी म्हणालो, "दाजी, ही ईएलसीबी माणसाच्या जिवासाठी असते."

"आमच्या पाच बोअरच्या मोटारी आहेत. एकीला तरी हे हाय का? बारा वर्षं झाली, कधी ट्रिप नाही."

"पण त्या मोटारीशेजारी कोणी पोहत नाही ना."

"पोहतो की. आमचा गडी रोज विहिरीत पोहतो."

"मग त्याला कधी काही झालं नाही?"

"सुरुवातीला झिणझिण्या यायच्या," दाजी अत्यंत शांतपणे म्हणाले, "आता सवय झाली."

यावर मालक हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि 'दाजी म्हणतात त्यातही तथ्य आहे' अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटले. जावयाच्या तोंडावर त्याचे चुकते असे म्हणायचे नाही, हा नियम विद्युत कायद्याहून जुना आहे, हे मी समजू शकतो. पण ईएलसीबी ज्या गळतीला पडते त्या तीस मिलिअँपियरला तो लागू होत नाही. हे उपकरण एवढेच पाहते की फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. मध्येच काही गळाले, मग ते जमिनीत असो वा ओल्या अंगाच्या पोराच्या छातीतून असो, तर ते क्षणात सर्व बंद करते. आमच्याकडे मात्र ट्रिप झाली म्हणजे ईएलसीबीच खराब, असेच सर्वांचे निदान असते. बिघाड कोणालाच नको असतो असे नव्हे, तो कोणाला दिसायलाच नको असतो.

मी एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचा वेगळा स्विच, बंद केली. एमसीबी बंद झाली तरी न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून त्याही एकेक सोडवल्या. पीएचच्या कंट्रोलरची वायर आधी बाजूला काढून, कारण इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरच्या पाचशे व्होल्टने तोच पहिला मरतो, पंप, डोसिंग पंप आणि क्लोरीनेटर सगळे तपासले. इन्सुलेशन ठणठणीत होते. तलावातले दिवे बारा व्होल्टचे, वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरचे, तेव्हा त्यांच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते. दाजी प्रत्येक वायरीला "ही नसंल," असे म्हणत होते आणि दुर्दैवाने प्रत्येक वेळी त्यांचे बरोबर येत होते. सर्व लोड सुटलेले असताना, मी पाणी पीत असताना, ईएलसीबी खटकन पडली.

मग टॉर्च तोंडात धरून मी तिचे खालचे टर्मिनल पाहिले. फेजच्या जाड वायरीशेजारी त्याच स्क्रूखाली एक बारीक लाल वायर दाबलेली होती. तिचे टोक प्लायरने नव्हे, दाताने सोललेले असावे, कारण तांब्याच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. ती पॅनलच्या मागून भिंतीतून बाहेर पडून कुंपणाकडेने थेट तिकीटखिडकीतल्या फ्रिजपर्यंत गेली होती. फ्रिजची न्यूट्रल मात्र बागेतल्या दिव्यांच्या लाइनमधून घेतलेली होती. कोणी फ्रिज चालू केला की प्रवाह ईएलसीबीतून जायचा आणि परत यायचा दुसऱ्याच वाटेने. तिला हिशेब जुळेना, ती पडायची. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या होत्या. बाटल्यांचा धंदा दाजींचा होता.

"ही वायर कोणी टाकली?" असे मी मोठ्याने विचारले. दाजी तलावाकडे पाहू लागले. मालकांनी माझा दंड धरून मला पंपरूमच्या मागे नेले.

"साहेब, वायर काढून वेगळी लाइन टाका, खर्चाचं बघून घेऊ. पण बिलावर दुसरं काहीतरी लिहा. बहीण आलेली आहे."

"दुसरं काय लिहू?"

मालकांनी इकडेतिकडे पाहिले. भिंतीवर एक पाल होती.

मी फ्रिजला स्वतंत्र एमसीबी आणि तिची स्वतःची न्यूट्रल देऊन, पॅनल बंद करून, बिल लिहिले. आता यातला जो भाग मला अजून गिळता येत नाही तो सांगतो. ते बिल मालकांच्या आधी दाजींनी हातात घेतले आणि संपूर्ण वाचले.

"पाल काढायचे एवढे पैसे?" ते म्हणाले. "पाल तर मीच काढली असती."

मालकांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पेन घेऊन त्यातले पाचशे रुपये कमी केले, आणि लोडशेडिंगपासून उधारीपर्यंत सर्व सोसत आलेला मी, तिथे एक शब्दही बोलू शकलो नाही, कारण बोलायचे ते आधीच विकले गेले होते.

निघताना दाजींनी मोफत सल्ला दिला की मोरपीस लावल्यावर पाल फिरकत नाही. त्याप्रमाणे त्यांनी ते लावलेही, आणि काल अभिमानाने मला फोटो पाठवला. मोरपीस ईएलसीबीवर, बरोबर टेस्टच्या बटणावर चिकटटेपने बसवले आहे. ते बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचे, असे मी मालकांना बजावले होते.