राधिकाताई, तुम्ही हरत होता तेव्हा आमच्या होता

काल कुणाच्या तरी वॉलवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेचा विषय निघाला आणि खाली नेहमीची मंडळी राधिकाच्या नवऱ्याला, गुरुनाथला, शिव्या घालायला जमली. मीही कमेंट टाकायला गेले. ती इतकी लांबली की म्हटलं आपल्याच भिंतीवर टाकावी. ज्यांना मालिकांवर बोलणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं त्यांनी इथूनच पुढे सरकावं, राग नाही.

आधी माझं गाव सांगते, कारण त्याशिवाय राधिका मला काय वाटायची ते कळणार नाही. मी यवतमाळची. लग्न होऊन पुण्यात आले त्या पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याकडे गेले आणि म्हटलं, “दादा, सांबाराची एक जुडी द्या.” तो म्हणाला, “मॅडम, सांबार पुढे उडप्याकडे मिळेल.” शेजारची बाई फिसकन हसली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मी त्याला सांगितलं नाही. बोटाने दाखवलं, जुडी घेतली आणि घरी आले. त्या दिवसापासून मी दोन मराठी बोलते. एक पुण्यातली, आणि एक आईशी फोनवर बोलताना दार लोटून घेऊन बोलायची.

आणि मग 2016 च्या ऑगस्टमध्ये रात्री आठ वाजता झी मराठीवर ही बाई आली. नागपूरकडची, नवऱ्यामागे मुंबईत आलेली, तिकडचंच बोलणारी. विनोदी कामवाली नाही, पाटलाच्या वाड्यावरचा गडी नाही, चक्क नायिका! टीव्हीवर आमची भाषा म्हणजे हशा पिकवायचं हुकमी साधन, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की पहिले काही दिवस मी आता विनोद येईल, आता येईल म्हणून वाट बघत होते. विनोद यायचा, पण तो तिच्यावर नसायचा. राधिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, हे मला नंतर कळलं. कान पक्का म्हणायचा बाईंचा. माझी आई तर आठ वाजून पस्तीस मिनिटांनी फोन करायचीच. “पाह्यलं का वो? कशी बोलली त्याले!” तेव्हा मी पहिल्यांदा दार न लोटता तिच्याशी बोलले. सासूबाई समोर बसून ऐकत होत्या. त्यांनाही राधिका आवडायची.

आवडायची ती का, तर तिचा त्रास ओळखीचा होता. गुरुनाथला बायको आवडत नव्हती असं नाही, त्याला तिची लाज वाटत होती. तिच्या बोलण्याची, कपड्यांची, जोरात हसण्याची. बाहेरख्याली नवरे मालिकांत पोत्याने असतात. ‘हिला चार लोकांत कसं न्यायचं’ असा चेहरा करणारा नवरा मात्र अगदी घरातला होता. अभिजीत खांडकेकरने तो चेहरा असा केला की अजून तो कुठे दिसला की माझी आई तोंड वाकडं करते. बिचाऱ्याची काही चूक नाही.

मग गुरुनाथचं शनायाशी लफडं आहे हे तिला कळलं, ती रडली, सावरली, उभी राहिली, मसाले करायला लागली. इथपर्यंत मी हात जोडून बसले होते. घर सांभाळणाऱ्या बाईला जे येतं त्याच्यावरच ती उभी राहणार, हे बरोबर होतं.

बिनसलं ते यानंतर.

माझी सख्खी मावशी मसाले करते. पुसदला. बावीस वर्षं झाली. काळा मसाला, तिखट, जवसाची चटणी, उन्हाळ्यात शेवया. मी लहानपणी तिच्याकडे बसून धन्याच्या काड्या निवडल्या आहेत. दगडफूल भाजताना कढईसमोरून हलायचं नसतं, सेकंदभर नजर हटली की सगळा घाणा कडू. खसखस महाग म्हणून ती वाटीने नाही, चमच्याने मोजायची. मिरची कांडून आणली की दोन दिवस हाताची आग जात नाही, मावशी खोबरेल चोळून झोपायची. सगळ्यात भारी दिवशी तिचा माल व्हायचा आठ किलो.

आणि इकडे ‘राधिका मसाले’ बघता बघता 300 कोटींची कंपनी झाली. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर इतके विनोद फिरले की ज्यांनी एक भाग पाहिला नव्हता त्यांनाही हा आकडा पाठ होता. मी हसले आणि मग एका रविवारी खरंच कागद घेऊन बसले. मसाला 500 रुपये किलो धरा. 300 कोटींची वर्षाची उलाढाल म्हणजे 60 लाख किलो. सहा हजार टन. एकही सुट्टी न घेता रोज सोळा टनांच्या वर. म्हणजे माझ्या मावशीसारख्या दोन हजार बायका रोज त्यांच्या सगळ्यात भारी दिवसाइतकं राबल्या तर जमेल. मी मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “माय वो! अन् एवढ्या मिरच्यांचे पैशे कोनं देल्ले तिले? मले तर किराणावाला दोन महिन्यांच्या वर उधारी ठेवू देत नाई.”

मालिकेने नेमकं हेच कधी सांगितलं नाही. उधारी, खराब निघालेली मिरची, परवान्याचे हेलपाटे, पावसाळ्यात जाळी धरलेला माल, पैसे बुडवणारा दुकानदार. यातल्या एकेकावर पंधरा-पंधरा भाग निघाले असते आणि आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिले असते. त्याऐवजी ती एक दिवस मोठ्या खुर्चीत बसलेली दिसली.

बरं, खुर्चीत बसून बाई करायच्या काय? तर गुरुनाथला धडा शिकवायच्या. पुन्हा. आणि पुन्हा. तो डाव टाकणार, हिला आधीच माहीत असणार, शेवटी त्याचा पडलेला चेहरा आणि हिचं ते मंद हसू. 300 कोटींची मालकीण, आणि दिवसभराचा उद्योग काय, तर टाकून दिलेल्या नवऱ्याची फजिती! घटस्फोट झाला, सौमित्रशी लग्न झालं, तरी गोष्ट हलेना. हलणार कशी, मालिकेचं नावच तसं. दुसरं लग्न झाल्यावर ‘माझा नवरा’ म्हणजे सौमित्र ना? मग त्याची बायको कोण, तर तीच! कुणाला हे शब्दशः वाचून बघावंसं वाटलं नसेल का?

माझा खरा राग वेगळा आहे. राधिका चुकायची बंद झाली. सुरुवातीची राधिका भोळेपणाने फसायची, चिडायची, वाट्टेल ते बोलून मग पस्तावायची. नंतरची राधिका सगळ्यांना सल्ले द्यायला लागली. सोसायटीतल्या बायकांना, मित्रांना, सासू-सासऱ्यांना, आम्हाला. तिच्या तोंडची ती भाषाही हळूहळू वर भुरभुरलेल्या सांबारासारखी झाली. (माझ्या सांबारासारखी, उडप्याच्या नाही.) वाक्य पुण्या-मुंबईच्या लेखकाचं आणि शेवटी एक ‘जी’ किंवा ‘ना वो’ चिकटवलेला. आईच्याही लक्षात आलं. म्हणाली, “हे आपल्याकडची नाई रायली आता. मास्तरीण झाली.”

कबूल करायला लाज वाटते, पण शेवटी शेवटी मी शनायासाठी मालिका बघायचे. ती करायला आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका. दोन वेळा चेहरा बदलला, पण बाई तीच राहिली. आळशी, लोभी, स्वयंपाकाच्या नावाने शंख, आणि हे सगळं उघड. ‘गॅरी’च्या, म्हणजे गुरुनाथच्या, पैशावर आपला डोळा आहे हे ती लपवायचीही नाही. ती काहीतरी चुकीचं करणार याची खात्री असायची, म्हणून बघावंसं वाटायचं. राधिका बरोबरच करणार हे आठ वाजताच माहीत असायचं, मग साडेआठपर्यंत बसायचं कशाला?

मागे एका मैत्रिणीने मला यावरून सुनावलं. “बाई जिंकलेली बघवत नाही का तुला?” मी दोन दिवस विचार केला, कारण प्रश्न खोटा नव्हता. बघवतं गं. मावशीने त्या उधारीवाल्याचे पैसे चुकते करून स्वतःच्या नावावर मिक्सर घेतला, त्याचं बिल तिने देव्हाऱ्यात ठेवलं होतं. ते मी डोळे भरून पाहिलंय. पण राधिका कुणाकडून काय जिंकली ते मला दिसलंच नाही. दिसला फक्त गुरुनाथचा चेहरा.

आणि हो, टीआरपी होता, म्हणून ओढली. साडेचार वर्षं. लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा वाटलं आता तरी गुंडाळतील. कसलं काय. जुलैत पुन्हा सुरू. जुने भाग परत लागायचे ते मात्र मी अधाशासारखे पाहिले, आणि तेव्हा जास्तच टोचलं, कारण त्यांत ती होती. माझी राधिका.

7 मार्च 2021, रविवार. शेवटचा भाग. दुपारी मावशीला आठवणीने फोन केला. म्हटलं, “मावशी, आज राधिका संपून राहिली. पाहशील ना?”

“असन वो,” ती म्हणाली. “गच्चीवर मिरच्या वाळून राह्यल्या अन् आभाळ आल्यासारखं वाटून राह्यलं. ठेव फोन.”