‘जुन्या काळातले नियम’ म्हणणाऱ्या वाचकास

गेल्या आठवड्यात पदवीच्या क्रेडिटबद्दल, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणाऱ्या एककांबद्दल लिहिलं, आणि कोर्स घेण्याआधी कॉलेजात विचारून घ्या असं मुलांना सांगितलं. त्यावर खानापूरहून एका वाचकाची प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: "मुलांना उगीच घाबरवताय. क्रेडिट एकदा क्रेडिट बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालं की भारतात कुठेही चालतं. तुमच्या डोक्यात अजून जुन्या काळातले नियम आहेत, ते सोडा. स्वयमचा आकडाही चुकलाय. माझ्या पुतण्याचं सगळं नीट झालं."

आकड्याचं आधी मान्य करतो. स्वयमवरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या, कोर्सेससाठी मी २० टक्के लिहिलं होतं. ते २०१६ च्या नियमातलं. २०२१ पासून एका सत्रातल्या कोर्सेसच्या ४० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. चूक माझी होती, लेखात दुरुस्त केली आहे.

पण "डोक्यात जुन्या काळातले नियम" हे कशाला? मला न भेटता, न विचारता तुम्ही माझं डोकं तपासलंत. एखाद्याचा आकडा चुकला तर आकडा चुकला म्हणावं. आपल्या भागात वडीलधाऱ्यांशी असं बोलायची रीत नव्हती, आणि मी तुमच्याहून लहान असेन तरी अनोळखी माणसाशी असं बोलत नाहीत.

जुन्या काळाचंच काढलंत म्हणून सांगतो. १९९४ साली मी बेळगावात बी. ए. चं पहिलं वर्ष पास झालो. वडील वडगावला विणकामाच्या मागावर कामाला होते, घरी अडचण आली आणि मामाकडे राहायला म्हणून मी सीमेपलीकडच्या एका कॉलेजात गेलो. टीसी घेतली, मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा दाखला) काढलं, मार्क्स कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीने गेलो. तिथल्या ऑफिसात "होऊन जाईल" म्हणाले. फी भरून घेतली. दिवाळीनंतर कळलं की माझे दोन पेपर तिकडे धरलेच नाहीत. पास होतो, मार्क होते, कागद खरे होते. पण त्यांच्या अभ्यासक्रमात त्या पेपरांना जागा नव्हती. वर्ष गेलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "आधी विचारून घेतलं नव्हतंस की रे?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी आज मुलांना 'आधी विचारा' म्हणतो. याला घाबरवणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता म्हणाल, तेव्हा क्रेडिट बँक नव्हती. बरोबर, नव्हती. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ती २०२१ च्या जुलैत आणली. पण ती काय करते ते नीट वाचा. तुमचं क्रेडिट संस्था तिथे जमा करते, ते जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतं, आणि एकदा एका पदवीसाठी वापरलं की पुन्हा वापरता येत नाही. जमा असणं म्हणजे पदवीत धरलं जाणं नव्हे. कुठलं क्रेडिट कुठल्या खणात बसतं हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं. मुख्य विषयाचा खण वेगळा, भाषेचा वेगळा, ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे आवडीने निवडायच्या इतर विषयांचा, वेगळा. तीन वर्षांच्या पदवीला यूजीसीच्या आराखड्यात किमान १२० क्रेडिट लागतात. पण कुठलीही १२० गोळा करून आणली तर पदवी मिळत नाही. मुख्य विषयात चार कमी आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये चार जास्त असतील, तर बेरीज जुळते, पदवी अडते. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निदान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. हे सगळं त्याच नव्या नियमांत आहे, ज्यांचा दाखला तुम्ही मला देताय.

आणि आपल्या भागात हे जास्त का बोचतं, ते खानापूरच्या माणसाला मी सांगायचं? चंदगडची पोरं बेळगावला शिकायला येतात, निपाणीची कोल्हापूरला जातात. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ, पलीकडे शिवाजी विद्यापीठ. दोन राज्यं, दोन अभ्यासक्रम, भाषेच्या पेपरांची मांडणी निराळी. त्यात कर्नाटकाने २०२१-२२ ला चार वर्षांच्या पदवीची नवी रचना आणली आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांवर आणलं. माझ्या गल्लीतल्या एका घरात थोरलीचा प्रवेश २०२३ चा, धाकट्याचा २०२४ चा. दोघं एकाच कॉलेजात. धाकटा बहिणीच्या विषयांची यादी घेऊन फॉर्म भरायला माझ्याकडे आला होता. ती यादी त्याला लागू नव्हती. त्याला सांगायला कोणी नसतं तर?

गेली बारा वर्षं संध्याकाळी माझ्या ओसरीवर ही मुलं बसतात. पीयूसी (बारावी) झालेली, घरात पहिल्यांदाच डिग्रीला गेलेली. त्यांना "कुठेही चालतं" सांगून मोकळं होणं सोपं आहे. नंतर ऑफिसच्या खिडकीशी उभं त्यांना राहावं लागतं, तुम्हाला नाही.

लेख लांबला, मथळा भडक होता वगैरे तुम्ही पुढे जे लिहिलंत, त्यात मी पडत नाही.

राहता राहिला पुतण्या. त्याचं नीट झालं, आनंद आहे, मनापासून. पण स्वयमचा कोर्स क्रेडिटसाठी धरायचा तर विद्यापीठाने तो आधी मंजूर केलेला असावा लागतो, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्याचा कोर्स तसा मंजूर असणार, म्हणूनच धरला गेला. त्याने नाव नोंदवण्याआधी कॉलेजात यादी पाहिली होती का, कोणाला विचारलं होतं का, एवढं त्याला विचारा आणि इथे खाली लिहा. विचारलं होतं असं निघालं तर त्यानेही तेच केलं जे मी लेखात सांगितलं, आणि मग तुम्ही माझ्यावर नेमके कशासाठी चिडलात, तेही लिहा.