संग्रहालयांनो, कोठारं उघडा

कुठल्याही मोठ्या संग्रहालयात दालनांमध्ये मांडलेलं असतं ते एकूण संग्रहाच्या मानाने अगदी थोडं. बाकी सगळं कोठारात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जागा मोजकीच असते, आणि जुना कागद, कापड, जलरंग यांना सतत उजेड सोसत नाही. पण त्या वस्तूंचे उत्तम फोटो आणि नोंदी सगळ्यांच्या हाती द्यायला आता काय अडतं?

हाती देणं म्हणजे खरोखर देणं. टिकलीएवढा फोटो, त्यावर आडवा वॉटरमार्क आणि खाली ‘परवानगीशिवाय वापरू नये’ ही तंबी, याला मी खुलं म्हणणार नाही. चित्रकाराला जाऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली, कॉपीराइट कधीच संपला, तरी त्या चित्राच्या फोटोवर नव्याने हक्क सांगायचा, हे मला पटतच नाही. युरोपीय संघाने तर २०१९च्या कॉपीराइट निर्देशातच लिहून टाकलं की अशा हुबेहूब प्रतीवर नवा हक्क मिळणार नाही.

अडवून फोटो अडत नाहीत, हे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला आधीच कळलं होतं. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट, भलत्याच रंगाच्या प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातली खऱ्या रंगांची पोस्टकार्डंच लोकांना खोटी वाटू लागली. मग त्यांनी अस्सल, मोठा फोटो स्वतःच खुला केला. २०१२मध्ये तर सव्वा लाखाच्या आसपास कलाकृती कुणीही डाउनलोड कराव्यात, हव्या तशा वापराव्यात, अशा ठेवल्या. पुढे २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पावणेचार लाख प्रतिमा मोकळ्या केल्या, २०२०मध्ये अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने २८ लाख.

मला सगळ्यात जास्त आनंद होतो तो मात्र संस्था एकत्र येतात तेव्हा. कोडेक्स सिनायटिकस हे चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल. त्याची पानं लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई इथल्या चार संस्थांकडे विखुरलेली. मालकीचा जुना वाद असूनही चौघांनी मिळून काम केलं, आणि २००९पासून ती पानं एकाच जागी, ओळीने वाचता येतात. कुठल्याही एका संस्थेला हे एकटीने जमलंच नसतं.

सगळं दाखवलं तर चोऱ्या होतील, असं काही जण म्हणतात. मला तर धोका लपवून ठेवण्यातच जास्त दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झाल्याचं २०२३मध्ये उघड झालं. त्यांतल्या बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती! त्यानंतर संग्रहालयाने संपूर्ण संग्रह ऑनलाइन आणायचं जाहीर केलं.

एक अपवाद मी मनापासून मानतो. मानवी अवशेष आणि एखाद्या समाजाच्या पवित्र वस्तू त्या समाजाला विचारल्याशिवाय खुल्या करू नयेत.

राहता राहिली छोटी संग्रहालयं, जिथे पैसे नाहीत, माणसं नाहीत. स्वतःची वेबसाइट हवीच असं नाही, विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्याच खुल्या फोटोसंग्रहात, फोटो विनामूल्य ठेवता येतात. तेही जमत नसेल तर आधी नुसती यादी द्या: वस्तू काय, कुठून आली, कधी आली, कुणी दिली. एखादी नोंद चुकली असेल तर ती ओळखून सांगणारा वाचकही त्या यादीमुळेच भेटेल.