नल येणार

आमच्या सोसायटीचं ॲप फुकटात लिहून दिलं, हा माझा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा एका ओळीचा. सर्व्हरकडून जाणारा मजकूर आटोपशीर असावा म्हणून मी सिरियलायझरला (माहिती ॲपकडे पाठवण्याजोगी बांधून देणारा कोड) बजावलं: नातं रिकामं असेल तर त्याची लिंक पाठवू नकोस. बी-३०२ मध्ये भाडेकरूच नाही, मग 'भाडेकरू'ची लिंक हवी कशाला? स्वतःच्या काटकसरीवर मी इतका खूश होतो की त्या रात्री लवकर झोपलो.

रविवारी पोह्यांचा पहिला घास तोंडात, तोच सेक्रेटरीकाका दारात. "अहो, तीनशे दोनला नवा भाडेकरू येतोय. त्याचं नाव घालायचं बटणच गायब आहे."

ॲपचा दर्शनी भाग माझ्या भाच्याने केलाय. त्याला फोन लावला. "अरे मामा, मी नात्याच्या स्वतःच्या पत्त्यावर, सेल्फ लिंकवर, पॅच मारतो, म्हणजे बदल पाठवतो. तू लिंकच देत नाहीस, तर मारू कुठे?"

म्हणजे भाडेकरू नव्हता म्हणून लिंक नव्हती, आणि लिंक नव्हती म्हणून भाडेकरू येऊ शकत नव्हता. नोकरीसाठी अनुभव मागतात तसलाच प्रकार.

लिंक परत घातली. त्या रात्री दीड वाजता ३०२ चे मालक अमेरिकेतून फोनवर. "माझा फ्लॅट अस्तित्वात नाही म्हणजे काय? मेंटेनन्स तर परवाच घेतलात!" झालं होतं असं, की त्यांनी 'भाडेकरू' दाबलं. माझ्या सर्व्हरने भाडेकरू शोधला, सापडला नाही, ४०४ (म्हणजे 'सापडलं नाही') म्हणून हात झटकले. आणि भाच्याच्या ॲपला ४०४ चा एकच अर्थ ठाऊक: 'ही सदनिका अस्तित्वात नाही.' परदेशी बसलेल्या पुणेकर फ्लॅटमालकाला हे वाक्य मध्यरात्री दाखवू नये. (त्यांच्याकडे दुपार होती, पण भीती मध्यरात्रीचीच होती.)

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: जेसन-एपीआयचा, म्हणजे सर्व्हर आणि ॲपने माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचा, नियमग्रंथ उघडला. पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ ची, म्हणजे अज्ञानाची सबब नाही. एकेरी नातं रिकामं असेल तर डेटात नल, म्हणजे 'काही नाही' अशी नोंद; अनेकवचनी असेल तर रिकामी यादी. भाडेकरूच्या लिंकवर कोणी आलं आणि भाडेकरू नसेल, तर उत्तर २०० (म्हणजे 'ठीक आहे') आणि आत नल. ४०४ फ्लॅटच नसेल तेव्हा. आणि डेटाची ओळच पाठवली नाही, तर तो वेगळाच मामला: आहे की नाही, आम्ही बोललोच नाही.

हा फरक मला नीट कळला तो आईमुळे. ती जिल्हा परिषदेतून निवृत्त झाली. म्हणाली, "रकाना कोरा सोडला तर साहेब समजतात कारकून झोपला होता. 'निरंक' लिहिलं तर समजतात, बघितलं आणि नव्हतं." प्रोग्रामिंगमध्ये नल संदर्भ १९६५ साली आणणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी पुढे त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्यांना आमच्या आईसारखा हेडक्लार्क भेटायला हवा होता.

दुरुस्ती झाल्यावर काकांना कळवणं आलं.

"काका, आता बटण दिसेल. भाडेकरू नसेल तिथे नल येईल."

"नळ? तीनशे दोनला?"

"नळ नाही हो, नल. म्हणजे लिंक असणार, फक्त आत काही नसणार."

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे नळ आहे, पाणी नाही. मग आधी काय केलं होतंत?"

"पाणी नाही म्हणून नळ काढून टाकला होता."

काका माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, तसं कॉलेजातल्या एकाही सरांनी कधी बघितलं नव्हतं.

सगळं समजलंय असं वाटून मी निर्धास्त घरी आलो. संध्याकाळी लिफ्टशेजारच्या बोर्डावर काकांच्या अक्षरात सूचना: 'ॲपच्या कामामुळे उद्यापासून बी-३०२ येथे नळ येणार आहे. सहकार्य करावे.'

रात्री नऊपर्यंत ३०१ आणि ३०३ दोघेही येऊन गेले. त्यांनाच का म्हणून.