शोकांतिकेचा शेवट गोड होतो तेव्हा

धरण भरूनही नळाला पाणी आले नाही किंवा परीक्षेचा निकाल लांबला, की आपल्या वर्तमानपत्रांत ‘हीच खरी शोकांतिका आहे’ हे वाक्य ठरल्याप्रमाणे उमटते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वापराने शब्द झिजायचेच. तक्रार आहे ती नाटकाच्या चर्चेतल्या वापराबद्दल. एकांकिका स्पर्धांनंतरच्या गप्पांत आणि परीक्षेच्या गाइडांत मी वर्षानुवर्षे एकच सूत्र ऐकत-वाचत आलो आहे: शेवटी मरण आले तर शोकांतिका, शेवटी लग्न झाले तर सुखांतिका, आणि ही विभागणी म्हणे ग्रीकांनी करून दिली. ज्या अथेन्समध्ये हे नाटक वाढले, त्या अथेन्समध्ये तरी नाटकाचा प्रकार असा शेवटावरून ठरत नव्हता.

तिथे तो मुख्यतः प्रसंगावरून आणि रचनेवरून ठरत असे. वसंत ऋतूच्या सुरुवातीला डायोनिसस देवाचा मोठा उत्सव भरे आणि नाटके त्या उत्सवातील स्पर्धेचा भाग असत. स्पर्धेत उतरायचे असेल तर कवीने आधी नगराच्या अधिकाऱ्याकडे ‘कोरस’, म्हणजे नाटकात गाणारा-नाचणारा समूह, मागायचा. तो मंजूर झाला, की एखाद्या धनिक नागरिकाने त्या कोरसच्या तालमींचा आणि पोशाखांचा खर्च उचलायचा; इ.स.पू. 472 मध्ये इस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचा असा भार पुढे अथेन्सचा मोठा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीजने उचलला होता. निवडलेल्या तीन कवींपैकी प्रत्येकाने तीन ट्रॅजेडी आणि त्यांच्या पाठोपाठ एक सॅटर नाटक (पुराणकथेवरचे रांगडे, गमतीदार नाटक) सादर करायचे. विनोदी नाटके वेगळे कवी लिहीत आणि त्यांची स्पर्धा वेगळी असे. या उत्सवात त्यांना अधिकृत स्थान मिळाले ते इ.स.पू. 486 च्या सुमारास. थोडक्यात, आपण ट्रॅजेडी लिहीत आहोत की कॉमेडी, हे कवीला पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच ठाऊक असे, मग शेवटी कोणी मरो वा न मरो.

रंगभूमीची रचनाही कोरसभोवतीच उभी राहिली होती. अथेन्सचे नाट्यगृह ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर उघड्या आकाशाखाली होते. प्रेक्षक बसत ते ‘थिएट्रॉन’, म्हणजे पाहण्याची जागा. समोर ‘ऑर्केस्ट्रा’, म्हणजे कोरसची नाचण्याची जागा. आणि त्यामागे ‘स्कीनी’, जिचा मूळ अर्थ तंबू किंवा खोपटे. आज आपण सहज म्हणतो तो ‘सीन’ त्याच खोपट्यातून आला आहे. ट्रॅजेडीत कोरस आधी बारा जणांचा आणि पुढे पंधरांचा, तर कॉमेडीत चोवीस जणांचा असे. बोलणारे नट मात्र मोजके होते. ॲरिस्टॉटलच्या सांगण्यानुसार दुसरा नट इस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लीजने. हे तिघे पुरुष मुखवटे बदलत राजा, राणी, दूत, देव अशी सगळी पात्रे उभी करत. हत्या सहसा प्रेक्षकांसमोर होत नसे. दूत येऊन तिचे वर्णन करी किंवा चाकांच्या फळीवरून मृतदेह बाहेर आणला जाई. आपल्या रंगमंचावर रक्ताच्या पिशव्या फोडणाऱ्या दिग्दर्शकांनी हे एकदा मनावर घ्यावे, असे मला फार वाटते.

आता शेवटांकडे पाहू. इ.स.पू. 458 मधील इस्किलसची ‘ऑरेस्टिया’ ही आज संपूर्ण उपलब्ध असलेली एकमेव नाट्यत्रयी आहे. पहिल्या नाटकात राणी पतीला मारते, दुसऱ्यात मुलगा आईला मारतो आणि तिसऱ्यात सूडदेवता त्या मुलाचा पाठलाग करत अथेन्सला पोहोचतात. तिथे अथीना देवी न्यायसभा भरवते, मते समसमान पडतात, मुलगा सुटतो, आणि संतापलेल्या देवतांना नगरात मानाचे स्थान देऊन त्यांची मिरवणूक काढली जाते. ज्या त्रयीला ट्रॅजेडीचे शिखर मानतात, ती मशालींच्या मिरवणुकीने संपते.

युरिपिडीजचे ‘टॉरिसमधील इफिजिनिया’ तर मला याहून बोलके वाटते. परक्या देशात पुजारीण झालेली बहीण नकळत सख्ख्या भावाचा बळी द्यायला निघालेली आहे. त्याच्या सोबत्याच्या हाती ती मायदेशी एक पत्र पाठवू पाहते आणि वाटेत नाव बुडून पत्र हरवलेच तर तोंडी सांगता यावे म्हणून त्यातला मजकूर मोठ्याने बोलून दाखवते. पत्र भावासाठीच असते. सोबती ते घेतो आणि तिथेच शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या हातात ठेवतो. पुढे ती भावंडे निसटतात आणि कोणीही मरत नाही. तरीही ही ट्रॅजेडीच आहे, कारण घडू शकले असते त्या अनर्थाची धग प्रेक्षकाला पूर्ण लागलेली असते. खुद्द ॲरिस्टॉटलही इथे एकमार्गी नाही. ‘काव्यशास्त्रा’त एके ठिकाणी तो सुदैवाकडून दुर्दैवाकडे जाणारे कथानक श्रेष्ठ मानतो, आणि लगेच पुढच्या प्रकरणात, ओळख पटल्यामुळे ऐन वेळी हत्या टळते अशा रचनेला वरचे स्थान देताना याच नाटकाचे उदाहरण घेतो. गाइडांमध्ये पहिले प्रकरण येते, दुसरे येत नाही.

मग आपल्याकडे ‘शोकांतिका’ या शब्दात ‘अंत’ कसा शिरला? माझा अंदाज असा की संस्कृत नाटक बहुधा मंगल शेवटाकडे आणि भरतवाक्याकडे, म्हणजे अखेरच्या आशीर्वादपर श्लोकाकडे, जात असे (भासाचे ‘ऊरुभंग’ हा ठळक अपवाद). त्या संस्कारात वाढलेल्या वाचकांपुढे इंग्रजी नाटके आली तेव्हा सर्वांत आधी डोळ्यांत भरले ते शेवटच्या अंकातले मृत्यू. म्हणून मला अभ्यासकांचा ‘शोकात्मिका’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. शोक नाटकाच्या आत्म्यात असावा, तो शेवटी उरलाच पाहिजे असे नाही.

कॉमेडीबाबतही तसाच घोटाळा आहे. ॲरिस्टोफेनीसची नाटके हलकीफुलकी नव्हती. ‘नाइट्स’मध्ये त्याने क्लिऑन या सत्ताधारी पुढाऱ्याची जाहीर धुलाई केली आणि इ.स.पू. 424 मध्ये त्याच नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले. आपण ज्याला सुखांतिका म्हणतो ते प्रेम, गैरसमज आणि लग्नाचे घरगुती नाटक पुढच्या शतकातल्या मिनँडरचे. सॅटर नाटक तर आपल्या वर्गीकरणात बसतच नाही: तेच पुराणपुरुष, पण भोवती अर्धे मानव आणि अर्धे पशू असलेल्या दारूड्यांचा कोरस. ‘सॅटायर’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. तो शब्द लॅटिनमधून आला आहे. संपूर्ण स्वरूपात एकच सॅटर नाटक हाती आहे, युरिपिडीजचे ‘सायक्लॉप्स’.

इ.स.पू. 438 मध्ये तर याच युरिपिडीजने सॅटर नाटकाच्या जागी ‘अल्सेस्टिस’ सादर केले. त्यात पतीऐवजी पत्नी मरण पत्करते, घरात सुतक असताना हेरॅक्लीज (हर्क्युलिस) हा वीर पाहुणा म्हणून येऊन पिऊन गाणी म्हणतो, आणि खरे काय ते कळल्यावर शरमून मृत्यूशी कुस्ती खेळून तिला परत आणतो. हे नाटक कोणत्या खणात ठेवायचे यावर अभ्यासक अजून वाद घालतात. अथेन्सच्या परीक्षकांनी त्या वर्षी युरिपिडीजला दुसरा क्रमांक दिला.