‘23 मिनिटं 15 सेकंद’ आणि त्याची भावंडं

घरून स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण हाच: एकदा लक्ष उडालं की ते परत बसायला 23 मिनिटं 15 सेकंद लागतात, मेंदू सलग 25 मिनिटंच काम करू शकतो, म्हणून पोमोडोरो (25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती) वापरा, फोन सायलेंटवर टाका, आणि हे 21 दिवस केलं की सवय जडते. चारही वाक्यांना कुठला ना कुठला आधार आहे. तो मुळात काय होता, एवढंच पुढे पाठवताना गळून पडतं.

पहिलं 23 मिनिटांचं, कारण सगळ्यात जास्त घाबरवतं ते हेच. जरा हिशेब करा: दिवसात 21 वेळा कुणी हाक मारली, तर 483 मिनिटं गेली, म्हणजे आठ तासांचा अख्खा दिवस. तरीही बिलं जातात, फायली पूर्ण होतात. मग हा आकडा आला कुठून? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी कचेरीतल्या माणसांच्या मागे बसून त्यांच्या कामाच्या वेळा टिपल्या. 2005 च्या त्यांच्या निबंधात सरासरी 25 मिनिटं 26 सेकंद आहेत. 23 मिनिटं 15 सेकंद हा आकडा त्यांच्या नंतरच्या मुलाखतीतून पसरला. पण दोन्ही आकडे सांगतात ते अर्धवट सुटलेल्या कामाकडे माणूस किती वेळाने परतला, हे. मधल्या वेळात तो रिकामा बसलेला नव्हता. सरासरी दोनाहून जास्त दुसरी कामं करत होता. मेंदू ‘गरम व्हायला’ लागणारा हा वेळ नव्हेच.

मार्क यांच्याच 2008 च्या प्रयोगात तर व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, दर्जाही घसरला नाही. किंमत मोजली ती ताण आणि चिडचिडीच्या रूपात. तेव्हा व्यत्यय निरुपद्रवी आहेत असं मुळीच नाही. नुकसान होतं, पण ते दुसऱ्या खात्यावर पडतं.

खरी गळती असते परतीच्या वाटेवर: कुठे होतो, पुढे काय करणार होतो, हे शोधण्यात. संशोधक सोफी लेरॉय यांनी आधीच्या कामाचा मनात रेंगाळणारा अंश अभ्यासला आहे. उठण्यापूर्वी परतीची छोटी नोंद केली तर हातातल्या नव्या कामावर लक्ष नीट लागतं, असं त्यांच्या पुढच्या संशोधनात दिसलं. एक मिनिटही लागत नाही. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: जागा, पुढची कृती, अडलेला प्रश्न. उदाहरणार्थ, ‘तक्ता 4, ओळ 17. जीएसटीची रक्कम पुन्हा जुळवायची. विचारायचं: बिल मार्चचं की एप्रिलचं?’ ‘अहवाल पूर्ण करणे’ असं लिहिलंत तर चिठ्ठी वाया गेली, कारण परत आल्यावर विचार पहिल्यापासून करावा लागतो. अनुवाद किंवा लेखन करणाऱ्यांनी फायलीतच @@ अशी खूण टाकावी आणि कंट्रोल-एफने तिथे उडी मारावी. फक्त फाइल पाठवण्यापूर्वी @@ एकदा शोधून काढा. ती खूण ग्राहकाला दिसली की फार ओशाळायला होतं.

आता 25 मिनिटं. पोमोडोरो पद्धतीचा जनक फ्रान्चेस्को चिरिल्लो हा विद्यार्थी असताना, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर वापरू लागला. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. 25 चा आकडा त्याच्या स्वतःच्या अनुभवातून ठरला, मेंदूच्या मोजमापातून नव्हे. (कुकरच्या शिट्ट्या मोजत अभ्यास झालेल्या घरांना यात नवल वाटू नये.) पद्धत वाईट नाही. टाळलेलं काम सुरू करायला, बिलं करायला, मेल निपटायला ती उत्तम. पण कोडमधली चूक शोधताना किंवा मोठा ताळेबंद जुळवताना सगळे धागे डोक्यात गोळा होईतो पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजते. अशा कामाला 50 आणि 10 घ्या, किंवा घड्याळ उलटं मोजण्याऐवजी सुलटं चालवा: कागदावर सुरू केल्याची वेळ लिहा, आपणहून मान वर झाली की थांबल्याची. आठवडाभरात तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो.

टायमर फोनवर मात्र लावू नका. किती मिनिटं उरली हे पाहायला फोन उचलला की पाच मिनिटांची विश्रांती रील्समध्ये जाते. विंडोज 11 च्या घड्याळ ॲपमध्ये फोकस सेशनची सोय आहे. नाहीतर स्वयंपाकघरातलं चावीचं टायमर आणा. फोनच वापरायचा असेल तर त्यातल्या टायमर ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. काही अँड्रॉइड फोन पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला ॲप बंद करून टाकतात आणि घंटा वाजतच नाही.

‘फोन सायलेंटवर टाका’ हा सल्ला तर अर्धाच आहे. आवाज गेला तरी पडदा उजळतो, आणि लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब कोपऱ्यात निरोप दाखवतच राहतं. शिवाय ग्राहकाचा फोन चुकेल या धास्तीने आपणच दर दहा मिनिटांनी पाहतो. मार्क यांच्या निरीक्षणांतही जवळपास निम्मे व्यत्यय माणसाने स्वतःच आणलेले होते. म्हणून सायलेंट नको, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. (ट्राय या दूरसंचार नियामकाची 1909 वरची डीएनडी नोंदणी वेगळी, ती जाहिरातींचे फोन अडवण्यासाठी आहे.) अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये, काही नव्या फोनांत ‘मोड्स’खाली, कॉलसाठी फक्त तारांकित संपर्कांना परवानगी द्या आणि घरचे व चालू कामाचे ग्राहक मिळून चार-पाच नंबरांना तारा लावा. ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा: तोच नंबर 15 मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर फोन वाजतो. आयफोनमध्ये ही मुदत 3 मिनिटांची आहे. खाली उभा असलेला कुरिअरवाला अनोळखी नंबरवरून सहसा दोनदा लावतोच, त्यामुळे पार्सलही परत जात नाही. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून व्हॉट्सॲप वेबच्या सूचना बंद करा. डेस्कटॉप ॲप असेल तर तिथे वेगळ्या बंद कराव्या लागतात, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. ग्राहकांना एकदाच सांगून ठेवा: 11 ते 1 उत्तर मिळणार नाही, तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा.

राहिले 21 दिवस. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना चिकटली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 84 दिवस पाहिलं, तेव्हा सवय जडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक (मधोमध येणारा आकडा) 66 निघाला आणि माणसामाणसातला अंदाजित फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. सलग दिवसांची माळ मोजणारी ॲप्स मात्र एका खाड्याला आकडा शून्यावर आणतात आणि बाविसाव्या दिवशी माणूस सगळंच सोडून देतो. मोजायचंच असेल तर महिन्यात एकूण किती दिवस झालं ते मोजा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने टिंब दिलं तरी पुरे, आणि ते सकाळी चहाचा कप खाली ठेवून कालची चिठ्ठी वाचायला घेतलीत की लगेच द्या.