तिकीट वसूल

शनिवारी सकाळी दात घासता घासता नवरा म्हणाला, "चल, ऑस्ट्रियात साल्झबुर्गला जाऊन येऊ." म्युनिकला राहिलं की देश बदलायला दोन तास पुरतात. शिवाय वीकेंडला बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, मध्यरात्री सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं. म्हणजे आम्ही झोपेत असतानाच त्यातले निम्मे पैसे बुडायला लागले होते. घाई कशाची होती ते मी लगेच ओळखलं. साल्झबुर्गच्या संगीतकार मोझार्टची नक्कीच नव्हती.

हे तिकीट पाच जणांपर्यंत काढता येतं आणि माणसं वाढली की माणशी स्वस्त पडतं. हे कळल्यापासून नवरा फलाटावरच्या अनोळखी लोकांकडे फार मायेने बघतो. तिकिटावर नावं लिहावी लागतात म्हणून बरं, नाहीतर साल्झबुर्गला आमचं वऱ्हाडच उतरलं असतं. फास्ट गाड्यांना मात्र ते चालत नाही.

खिडकी मिळाली, टेबल मिळालं, दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर आली. पहिला घास तोंडात, तेवढ्यात घोषणा: रोझेनहाइमला गाडीचे दोन भाग होणार, पुढचे डबे साल्झबुर्गला, मागचे कुफस्टाइनला.

"आपण पुढे आहोत की मागे?"

"मध्ये," नवरा म्हणाला.

आतून पलीकडे जायची सोय नव्हती. रोझेनहाइमला एका हातात चटणीचा उघडा डबा, दुसऱ्या हातात छत्र्या आणि काखेत पासपोर्टांची पिशवी अशी मी फलाटावरून धावले. डोंगरात फिरायला निघालेल्या एका आजीबाईंनी काठी उगारून दिशा दाखवली म्हणून योग्य डब्यात पडलो. कीमझे सरोवर कधी मागे गेलं, धापा टाकण्यात कळलंच नाही.

साल्झबुर्गला पाऊस. वारा नाही, गडगडाट नाही, नुसता सरळ, शिस्तीत पडणारा. गेट्राइडेगासेमधलं 9 नंबरचं पिवळं घर, जिथे 1756 साली मोझार्ट जन्मला, ते आम्ही दुसऱ्यांच्या छत्र्यांच्या फटीतून पाहिलं. आत जायचं तर वेगळं तिकीट. ते बायर्न-तिकिटात बसत नाही म्हणून नवऱ्याने बाहेरूनच नमस्कार केला. मोझार्टकूगेल मात्र घेतले. 1890 मध्ये पाउल फ्युर्स्टने काढलेली ही मिठाई. अस्सल हवी तर चंदेरी-निळ्या कागदातली घ्यावी, लाल-सोनेरी कागदातली कारखान्यातली. आत पिस्त्याचं हिरवं मार्झिपान, म्हणजे बदामाचं गोड सारण. मला आवडलं. नवरा भाव आठवत चघळत राहिला.

होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर जायला 1892 पासून रेल्वे आहे. "सिंहगड चढलेली माणसं आपण!" असं म्हणून त्याने ती नाकारली. ओल्या, गुळगुळीत दगडी चढावर मी त्याचं कोपर धरून सिंहगडालाही नावं ठेवली. वर पोचल्यावर आल्प्सच्या जागी पांढरा ढग होता. उरलेल्या दशम्या आम्ही कमानीखाली उभ्याने खाल्ल्या.

परतीला फ्राइलासिंगला पोलीस चढले. सीमेवरची ही तपासणी 2015 मध्ये सुरू झाली. मी पासपोर्ट काढून दिले. ते चटणीच्या डब्याखाली होते. तरुण पोलिसाने पान उलटलं, बोटांचा वास घेतला, थोडा थबकला आणि दोन्ही पासपोर्ट कोपऱ्याला धरून परत केले. एवढी झटपट तपासणी डब्यात दुसऱ्या कुणाचीच झाली नाही.

मी बूट सैल करून डोळे मिटले. नवरा मोबाईलवर वेळापत्रक बघत होता.

"ऐक ना, तिकीट पहाटे तीनपर्यंत आहे. रोझेनहाइमला उतरून कुफस्टाइन बघून येऊ या? तेही यातच बसतं."